शौचालय तुंबले तर...

शौचालय बांधणे हे काम एकदाच करावयाचे असते. ते वापरात ठेवणे हे मात्र रोजचे काम आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २००० साली सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाला देशभर प्रारंभ झाला. या काळात ग्रामीण भागातील असंख्य घरांत शौचालय प्रथमच आले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराला शौचालयाची सवय नव्हती, त्या घराला त्याच्या देखभालीची माहिती नसणे हेही स्वाभाविकच होय. रहाटाचा दोर झिजला, छपराचे कौल फुटले, चुलीचा धूर घरात कोंडू लागला, तर काय करावयाचे हे वडीलधारी माणसे धाकट्यांना दाखवून ठेवतात. शौचालय तुंबले तर काय करावयाचे, हे दाखविणारे मात्र घरात सहसा कोणी नसते.

याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. काही घरांत तुंबलेले शौचालय तसेच बंद करून टाकले जाते. मग त्यात सरपण किंवा अडगळ साठू लागते आणि कुटुंबीय पुन्हा उघड्यावर जाऊ लागतात. काही घरांत लगेच कोणाला तरी बोलावणे धाडले जाते. बोलावले जाते ते बहुधा पूर्वापार हे काम ज्यांच्या माथी मारले गेले त्यांच्यापैकीच कोणाला तरी, आणि चार पैशांच्या मोबदल्यात त्याने खड्ड्यात किंवा टाकीत उतरावे अशी अपेक्षा केली जाते. वस्तुतः तुंबलेल्या शौचालयांपैकी पुष्कळशी घरच्या माणसांना घरच्याच साधनांनी अर्ध्या-पाऊण तासात मोकळी करता येतात. त्यासाठी रबरी वाटीचा दांडा, म्हणजे प्लंजर, घरात असलाच पाहिजे असेही नाही. बादली, साबण, जुने फडके आणि बांबूची कामटी एवढ्यावर काम भागते. मात्र शौचालयाची रचना कशी असते, एवढे माहीत असावयास हवे.

कोंबडा आणि त्यातील पाणी

शौचालयाच्या भांड्याखाली बाकदार नळीचा एक तुकडा बसविलेला असतो. खेड्यापाड्यांतील गवंडी त्याला ‘कोंबडा’ म्हणतात. या बाकात थोडे पाणी नेहमी साठून राहते. खड्ड्यातील दुर्गंधी आणि माश्या यांना घरात येण्यापासून अडविणारे दार म्हणजे हे पाणी. लंडन येथील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा बाकदार नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. आज जगभर जी शौचकूपे वापरात आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे कार्य याच तत्त्वावर चालते.

दोन शोषखड्ड्यांच्या ग्रामीण शौचालयासाठी जे भांडे वापरले जाते, त्याचा उतार तीव्र असतो आणि कोंबड्यातील पाण्याची पातळी सुमारे २० मिलिमीटर असते. त्यामुळे दीड ते दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. शहरी पद्धतीच्या शौचकूपात ही पातळी सुमारे ५० मिलिमीटर असल्याने त्याला कितीतरी अधिक पाणी लागते. हा फरक लक्षात न घेता काही ठिकाणी ग्रामीण शौचालयाला शहरी भांडे बसविले जाते आणि वापर मात्र तांब्याभर पाण्याचाच होतो. असे शौचालय वारंवार तुंबले तर तो दोष वापरणाऱ्याचा नसून निवडीचा होय. बांधकामाची तपासणी करणाऱ्यांनी भांडे व कोंबडा कोणत्या प्रकारचा आहे हे आवर्जून पाहावे, ते याच कारणासाठी.

कोंबड्याचा बाक जसा दुर्गंधी अडवितो, तसाच तो टाकलेल्या वस्तूही अडवितो. जुन्या चिंध्या, मासिक पाळीचे कापड किंवा पॅड, शाम्पूच्या व गुटख्याच्या पुड्या, भांडी घासावयाची राख, नारळाची शेंडी, मुलांची खेळणी यांपैकी काहीही आत गेले की ते बाकात अडकते आणि त्यामागे मैला साचू लागतो. दुसरे महत्त्वाचे कारण पाण्याच्या टंचाईचे आहे. उन्हाळ्यात हात राखून पाणी टाकले गेले, की मैला पूर्णपणे पुढे सरकत नाही, नळीत थर धरून बसतो आणि काही दिवसांनी मार्ग बंद होतो. अशा घरांनी धुण्याचे किंवा आंघोळीचे पाणी गाळून बादलीत साठवावे व ते शौचालयासाठी वापरावे. मात्र मोरीची नळी शौचालयाच्या खड्ड्यास जोडू नये. तसे केल्यास खड्डा पाण्यानेच भरून जातो.

अडथळा नेमका कोठे?

उपाय करण्यापूर्वी अडथळ्याची जागा ठरविली पाहिजे. भांड्यात पाणी तुंबलेले दिसताच बादलीवर बादली ओतण्याची चूक सर्वत्र केली जाते. त्यामुळे घाण पाणी बाहेर पसरते, साध्य काही होत नाही. कमोड असल्यास पुन्हा फ्लश न करता प्रथम टाकीला पाणी पुरविणारा नळ बंद करावा.

त्यानंतर शौचालयामागील जोडचेंबरचे झाकण काढून पाहावे. चेंबर कोरडे असून भांडे भरलेले असेल, तर अडथळा भांडे आणि चेंबर यांच्या दरम्यान, बहुधा कोंबड्यातच आहे. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि तो घरच्या घरी दूर करता येतो. चेंबरही भरलेले असेल, तर अडथळा पुढील नळीत आहे किंवा खड्डा भरला आहे. सेप्टिक टाकी असलेल्या घरात शौचालयाबरोबरच त्याच मार्गाला जोडलेल्या न्हाणीघराचेही पाणी मागे येऊ लागले, तर दोष एका भांड्याचा नसून मुख्य नळीचा किंवा टाकीचा असतो. झाकण काढताना जवळ दिवा, आगकाडी किंवा पेटलेली विडी असू नये, कारण आत पेट घेणारा वायू साठलेला असू शकतो.

घरातील साधनांनी करावयाचे उपाय

कामास सुरुवात करताना हातात रबरी मोजे घालावेत. ते नसल्यास जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधून घ्याव्यात. पायांत चप्पल असावी, हातावर उघडी जखम नसावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे. भांडे काठोकाठ भरले असल्यास जुन्या डब्याने जादा पाणी बादलीत काढून घ्यावे व शौचालय मोकळे झाल्यावर ते तेथेच ओतावे. उघड्या गटारात ते टाकू नये.

पहिला उपाय साबणाचा आणि कोमट पाण्याचा. अर्धी वाटी पातळ साबण किंवा पाण्यात कालविलेली कपडे धुण्याची पूड भांड्यात ओतून अर्धा तास थांबावे. साबणाने नळीची आतील बाजू निसरडी होते व घट्ट झालेला मैला सैल पडतो. नंतर आंघोळीला घेतो तितपत ऊन पाणी अर्धी बादली घ्यावे आणि कमरेच्या उंचीवरून कोंबड्याच्या तोंडावर एका धारेने ओतावे. येथे काम करतो तो पाण्याचा भार. थोडे थोडे ओतल्यास तो भार निर्माण होत नाही. पाणी वर चढू लागल्यास थांबावे, ते उतरू द्यावे आणि पुन्हा ओतावे. उकळते पाणी मात्र कदापि वापरू नये. त्याने चिनी मातीच्या भांड्याला तडा जाऊ शकतो.

दोन-तीन वेळा करूनही मार्ग मोकळा झाला नाही, तर दुसरा उपाय करावा. जुने गोणपाट किंवा जाड फडके काठीच्या टोकाला गुंडाळून त्याचा गोळा करावा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि ती सुतळीने घट्ट बांधावी. हा गोळा कोंबड्याच्या तोंडात बेताने बसेल एवढा असावा. गोळा पाण्याखाली राहील इतके पाणी भांड्यात ठेवून तो सावकाश आत दाबावा आणि झटक्याने मागे ओढावा. असे पंधरा-वीस वेळा करावे. रबरी वाटीचा दांडा जे काम करतो, तेच हा गोळा करतो. आत दाबल्याने अडथळ्यावर दाब पडतो आणि मागे ओढल्याने तो शोषला जाऊन सुटा होतो. दाबण्यापेक्षा ओढण्याकडे अधिक लक्ष द्यावे. केवळ दाबत राहिल्यास अडथळा पुढे सरकून अधिक घट्ट बसतो.

तिसरा उपाय बांबूच्या कामटीचा. ओल्या बांबूची बोटभर रुंदीची, दीड-दोन मीटर लांबीची कामटी तासून गुळगुळीत करावी व तिच्या टोकाला चिंधी घट्ट बांधावी. ती वाकते पण मोडत नाही, म्हणून कोंबड्याच्या बाकातून फिरविता येते. चेंबर कोरडे असल्यास तीच कामटी चेंबरच्या बाजूने भांड्याकडे सरकवावी. पुष्कळदा उलट बाजूने आलेल्या धक्क्याने अडथळा चटकन सुटतो. कापड किंवा प्लॅस्टिक अडकल्याची शंका असेल, तर ते पुढे ढकलण्याचा प्रयत्न करू नये. जाड तारेच्या टोकाला आकडा करून ते बाहेर ओढून काढावे. तारेने भांड्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून तिला फडके गुंडाळावे.

पाणी भोवरा धरून वेगाने उतरले, की मार्ग मोकळा झाला असे समजावे. त्यानंतर आणखी एक बादली ओतून खात्री करून घ्यावी आणि कोंबड्यात पाणी शिल्लक राहिले आहे ना, तेही पाहावे. वापरलेली काठी व कामटी धुऊन उन्हात वाळवावी, ती पुढल्या वेळी कामास येते. फडके जमिनीत पुरावे. हात साबणाने दोनदा धुवावेत.

आम्ल व इतर रसायने

शौचालय तुंबले की आम्लाची बाटली ओतण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग फारच मर्यादित आहे. आम्लाने भांड्यावरील क्षारांचे डाग निघतात. चिंधी किंवा प्लॅस्टिक त्याने विरघळत नाही. कॉस्टिक सोड्याची पूड पाण्यात पडताच तीव्र उष्णता निर्माण करते. तिने मार्ग मोकळा झाला नाही, तर तुंबलेले सारे पाणी दाहक होऊन बसते आणि नंतर त्यात हात घालणाऱ्याला इजा होते. आम्लानंतर कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक सोड्यानंतर आम्ल ओतल्यास पाणी उसळून अंगावर येते. सर्वांत मोठा धोका आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्याने होतो. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू बाहेर पडतो आणि लहानशा बंद शौचालयात तो जीवघेणा ठरू शकतो. शिवाय खड्ड्यातील व टाकीतील मैला कुजविण्याचे काम सूक्ष्म जीव करीत असतात. तीव्र रसायनांनी तेच मरतात आणि खड्डा लवकर भरतो.

खड्डा भरला असेल तर

चेंबर भरलेले आढळल्यास दोन खड्ड्यांच्या शौचालयात काळजीचे कारण नाही. या शौचालयाची योजनाच अशी आहे, की एका वेळी एकच खड्डा वापरात असावा. तो भरला की चेंबरमधील त्याचे तोंड विटेने व चिकणमातीने बंद करावे आणि दुसऱ्या खड्ड्याचे तोंड उघडावे. भरलेला खड्डा निदान दोन वर्षे बंद ठेवला, तर आतील मैल्याचे कोरडे, वास नसलेले सोनखत होते. ते शेतात घालता येते. काही गावांत दोन्ही खड्डे एकाच वेळी सुरू ठेवलेले आढळतात. दोन्ही एकदमच भरल्यामुळे तेथे ताजा मैला उपसण्याची पाळी येते आणि या पद्धतीचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

खड्डा न भरताही पाणी सावकाश उतरते, असा अनुभव कोकणात ऐन पावसाळ्यात आणि काळ्या चिकण जमिनीच्या भागात येतो. जमिनीतील पाणी वर आल्याने किंवा माती पाणी शोषून घेत नसल्याने असे घडते. याला तुंबणे म्हणता येणार नाही. अशा वेळी कामटी घालून उपयोग नसतो. पाण्याचा वापर बेताचा ठेवावा आणि पावसाचे पाणी खड्ड्याभोवती साचणार नाही असा मातीचा उंचवटा करावा.

माणूस टाकीत उतरता कामा नये

सेप्टिक टाकीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील गाळ दर दोन ते तीन वर्षांनी काढून घ्यावा लागतो. बंद टाकीत मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. यांपैकी हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीस कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो; पण प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस आत उतरतो आणि काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच टाकीत दोन-तीन जणांचे प्राण जातात. अशा बातम्या वृत्तपत्रांतून पुनःपुन्हा येत असतात. टाकीत दिवा सोडून पाहणे हीदेखील सुरक्षित परीक्षा नव्हे. दिवा विझला नाही तरी विषारी वायू असू शकतो आणि मिथेन असल्यास स्फोट होतो.

कायद्याची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामास प्रतिबंध करणारा आणि हे काम करणाऱ्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा २०१३ चा अधिनियम ६ डिसेंबर २०१३ पासून अंमलात आला. पुरेशा संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करावयास लावणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा कामात मृत्यू आल्यास कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. माणूस आपल्या खुशीने उतरला, ही सबब येथे उपयोगी पडत नाही. टाकी उपसावयाची ती यंत्राच्या गाडीनेच. अशी गाडी मिळेपर्यंत शौचालयाचा वापर थांबवावा.

कायदा झाला तरी मनातील भेद एकदम जात नाही. मैला साफ करणाऱ्यांच्या जीवनमानाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यापूर्वीच कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी या प्रश्नाला हात घातला होता. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम करू द्यावे अशी त्यांनी मागणी केली आणि ती नाकारली जाताच उपोषण आरंभिले. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपोषण केले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या शौचालयांचे प्रयोग केले. आपल्या घरातील घाणीची जबाबदारी आपली आहे, हा विचार त्यांनी स्वतःच्या हातांनी करून दाखविला. तुंबलेल्या शौचालयापाशी बादली आणि कामटी घेऊन उभा राहणारा गृहस्थ त्याच विचाराचे एक पाऊल पुढे टाकीत असतो.

शाळा व ग्रामपंचायती यांचे कार्य

या बाबतीत शिक्षकांना व पंचायत सदस्यांना बरेच काही करता येण्यासारखे आहे. विज्ञानाच्या तासाला पारदर्शक नळीचा तुकडा वाकवून त्यात रंगीत पाणी भरले, तर कोंबड्याचे कार्य मुलांना पाच मिनिटांत समजते. शाळेच्या शौचालयांत, विशेषतः मुलींच्या, झाकणाचा डबा ठेवल्यास तुंबण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते. बिघडलेले शौचालय दुरुस्त करण्याचे काम ठरावीक विद्यार्थ्यांना कधीही सांगू नये, आणि शिक्षा म्हणून तर मुळीच सांगू नये. ज्या कामाबद्दलची तुच्छता घालवावयाची, तेच काम अशाने अपमानाचे साधन बनते.

ग्रामपंचायतीने गावातील प्रत्येक शौचालयाची नोंद ठेवावी. खड्डे एक की दोन, सेप्टिक टाकी असल्यास शेवटचा उपसा केव्हा झाला, भांडे कोणत्या प्रकारचे आहे, एवढा तपशील तीत असावा. उपसा करणाऱ्या गाडीची सोय एकट्या गावाला परवडणारी नसली, तर शेजारच्या गावांनी एकत्र येऊन किंवा जवळच्या नगरपरिषदेशी बोलणी करून ती करता येईल. तिचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा. गाडी मिळण्याची सोय झाली, की टाकीत माणूस उतरविण्याचा मोह आपोआप कमी होतो. ग्रामसभेत एखाद्या वेळी गवंड्याला बोलावून जोडचेंबर उघडणे, खड्ड्याचे तोंड बदलणे आणि कामटी चालविणे यांचे प्रात्यक्षिक दाखविल्यास ते अनेक फलकांपेक्षा परिणामकारक ठरेल.

कोंबड्यातील अडथळा घरच्या माणसाने काढावा, भरलेला खड्डा बदलावा आणि टाकी यंत्राने उपसावी, इतका हा साधा नियम आहे. तो प्रत्येक घरापर्यंत पोहोचला, तर बंद पडलेली अनेक शौचालये पुन्हा सुरू होतील आणि एखाद्या कुटुंबातील कर्ता माणूस टाकीत उतरल्यामुळे गमावला जाणार नाही.